अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस

सात आणि आठ या छेदांचा लसावि फरझानाने आठवीच्या वर्गाला विचारला, आणि दुसऱ्या बाकावरची किमया उभी राहून म्हणाली, "छप्पन्न, बाई." खडू फळ्याला टेकलेला होता. नेहमीप्रमाणे ती 'बरोबर' म्हणणार होती. शब्द जिभेवर आलाही होता. पण तो जिथून येतो तिथे काहीच नव्हतं. छप्पन्न. तिने तो शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिला. ओळखीचा होता, पण गाडीतून रोज दिसणाऱ्या आणि कधीच न उतरलेल्या स्टेशनाच्या पाटीसारखा. सात आठे किती? सात सत्ते किती? एवढी वर्षं ज्या जिन्यावरून ती डोळे मिटून चढ-उतार करत होती, त्याच्या पायऱ्या कोणीतरी काढून नेल्या होत्या आणि ती वरच्या मजल्यावर एकटी उभी होती. वर्ग तिच्याकडे बघत होता. खिडकीतून शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली प्लॅस्टरची पांढरी धूळ आत येत होती, उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती, आणि ती धूळ तिला फार स्पष्ट दिसत होती, कणन् कण. "बरोबर ना बाई?" किमयाने विचारलं. फरझानाने किमयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर खात्री होती. त्या खात्रीच्या आधारावर ती म्हणाली, "बरोबर," आणि ते म्हणताना तिला भयंकर लाज वाटली. जणू तिने मुलीच्या पाटीवरून उत्तर चोरलं होतं. मग बोटांतून खडू सुटला. बोटं तिचीच होती, पण त्यांना खडू सुटल्याचं कळलंच नव्हतं.

पुढचं सगळं इतरांनी केलं. मुख्याध्यापिका वैशाली मॅडमनी रिक्षा बोलावली, पेणच्या डॉक्टरांनी पनवेलला पाठवलं, रोह्याहून माहिरा धावत आली. फरझानाची मुलगी, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. मेंदूत छोटीशी गुठळी, डाव्या बाजूला, मागच्या अंगाला. "बोलणं वाचलं, चालणं वाचलं," पनवेलचे डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात." ते तरुण होते आणि घाईत होते, पण वाईट नव्हते. त्यांनी आजचा वार विचारला, तिने सांगितला. घड्याळ, पेन, चावी ओळखायला सांगितली, तिने ओळखली. मग म्हणाले, "आता शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून पुन्हा सात. करत राहा." शंभर तिला माहीत होतं, मोठं आणि गोल. सातही माहीत होता. पण सात शंभरच्या जवळच जाईना. "सावकाश," डॉक्टर म्हणाले. माहिराने मान वळवून खिडकीकडे पाहिलं, ते फरझानाला दिसलं. आणि तेव्हा, कोणी काही न विचारता, तिच्या तोंडून एका दमात बाहेर पडलं: "तीन, आठ, एक, सहा, पाच, चार, सात, दोन, नऊ." डॉक्टरांनी माहिराकडे पाहिलं. "कोणाचा नंबर आहे हा?" "नंबर नाय डॉक्टर," माहिरा म्हणाली, "कोडं हाय. अम्मी दरवर्षी वर्गात घालते."

ती रडली नाही. परतीच्या गाडीत पाठ सीटला लावून ती ते नऊ अंक ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. अर्थ न कळता पाठ असलेल्या दुआसारखे ते येत होते. एकही इकडचा तिकडे होत नव्हता. एके काळी तिला त्यांचा अर्थ माहीत होता, एवढं मात्र तिला माहीत होतं. एक ते नऊ हे सगळे अंक एकेकदाच वापरायचे आणि संख्या अशी रचायची, की पहिल्या दोन अंकांनी बनलेल्या संख्येला दोनाने निःशेष भाग जावा, पहिल्या तिनांना तिनाने, चारांना चाराने, असं करत अख्ख्या नऊ अंकांना नवाने. अशा रचना लाखांनी करता येतात. त्यातली एकच टिकते. नवीन लग्न होऊन रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या या घरात आली तेव्हा अलिबागच्या शिक्षक-शिबिरात कोणीतरी हे कोडं घातलं होतं, आणि स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर खडूने मांडत, खोडत तिने ते सोडवलं होतं. भात करपला होता. नवरा, सईद, तेव्हा पहिल्यांदा दोहाला निघायचा होता, बॅग अर्धी भरलेली, सासूबाई करपलेल्या वासाने आत आल्या तर सून फरशीवर बसलेली आणि आजूबाजूला आकडेच आकडे. सईद हसला होता. "हिला आकड्यांचा लागीर झालाय," म्हणाला होता. तिला आठवतो तो शेवटचा अंक बसल्याचा क्षण. छातीत काहीतरी जागच्या जागी बसलं होतं, सांधा बसावा तसं. सईद गेला, त्याच्या जाण्याचं दुःख झालं, पण त्या दुःखाखाली तो बसलेला सांधा होता, आणि त्याच्या जोरावर ती उभी राहिली होती. आता नेमका तोच निखळला होता. अंक होते, त्यांना धरून ठेवणारं काही नव्हतं.

अष्टमीच्या घरात दिवस लांब झाले. कुंडलिकेवरून येणारा वारा दुपारी एमआयडीसीचा उग्र वास आणायचा, पुलावरच्या गाड्यांची घरघर ऐकू यायची, आणि ती पलंगावर बसून उजव्या हाताने रबरी चेंडू दाबत राहायची. भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "अल्लानं वाचवला गो तुला, आता आराम कर." आराम या शब्दाची तिला भीती वाटू लागली. सईदचा फोन रोज यायचा. "फरझाना, ऐक माझा. राजीनामा दे आनि इथं ये. कंपनी फॅमिली क्वार्टर देते. किती वर्सं झाली, तू तिथं मी हितं." त्याच्या आवाजात खरंच माया होती, म्हणूनच उत्तर देणं जड जात होतं. एके दिवशी वैशाली मॅडम पेणहून आल्या. इतिहास शिकवणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. चहा पूर्ण प्यायल्या आणि मग मुद्द्यावर आल्या. "फरझानाबाई, तुमची जागा कुठे जात नाही. पण गणित... मी काय म्हणते, ग्रंथालय बघा तुम्ही. हजेरी लागेल, दगदग नाही." "गणित दुसऱ्या कोणाला दिलंत?" "सध्या देशमुख घेतायत." ग्रंथालयाची खोली फरझानाला माहीत होती. तिथे कपाटांना कुलपं असतात. "मॅडम," ती शेवटी म्हणाली, "मला एक तास द्या. मी बरी झाले की एक तास. तुम्ही मागे बसा. जमलं नाही तर ग्रंथालयाच्या चाव्या मी स्वतः मागून घेईन." "आणि बरं कधी होणार?" "सांगेन," फरझाना म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तो आवाज आजारी माणसाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी माहिरा कॉलेजला गेल्यावर तिने स्वयंपाकघरातली चटई गुंडाळली आणि फरशीवर बसली. खडू डाव्या हाताने उजव्या हातात खोचावा लागला. तिने पाठ असलेली संख्या लिहिली नाही. ती आपल्याला पाठ आहे हेच विसरायचं, असं तिने ठरवलं. नऊ रिकामी घरं आखली आणि त्यांच्याकडे बघत बसली. पाचव्या घरात काय? पहिल्या पाच अंकांना पाचाने भाग जायचा तर शेवटी पाच किंवा शून्य हवं, आणि शून्य आपल्याकडे नाही. म्हणजे पाच. हे तिला कोणी सांगितलं नाही, तिने आठवलंही नाही. ते तिला दिसलं. तिने पाच लिहिला. वाकडातिकडा, पोट फुगलेला पाच. ती त्याच्याकडे बघत इतका वेळ बसली की गॅसवरचं दूध उतू गेलं. मग दुसरं, चौथं, सहावं, आठवं घर. तिथे सम अंक हवेत, नाहीतर दोन, चार, सहा, आठाने भाग जाणार नाही. सम अंक चारच, घरंही चारच. म्हणजे उरलेल्या घरांत विषम. पुढे चौथं घर: आधी विषम अंक असेल तर चार किंवा आठ लिहून चाराने भाग जात नाही. तिने बोटांवर मोजून पाहिलं. चौदा, नाही. अठरा, नाही. बारा, हो. सोळा, हो. तिथे फक्त दोन किंवा सहा. आठव्या घराचीही तीच गत. मग चार आणि आठ यांना दुसरं आणि सहावं घर उरतं. दुपार सरत होती. एकेक बेरीज तिला बोटांवर करावी लागत होती, बालवाडीतल्या पोरासारखी, आणि मध्येच ती बेरीज हातातून निसटायची, पुन्हा पहिल्यापासून. पण का करायची, ते मात्र निसटत नव्हतं. पाढे गेले होते. कारणं शाबूत होती. हे कळल्यावर तिने खडू खाली ठेवला आणि दोन्ही तळवे थंड फरशीवर टेकवले. आपण पाढे म्हणजे गणित समजत होतो का? एवढी वर्षं?

माहिरा संध्याकाळी आली तेव्हा फरशी भरलेली होती. "अम्मी, हे काय? डॉक्टरनी ताण घेऊ नको म्हटलंय ना?" मग वाकून बघत राहिली. "मोबाइलवर कर ना. एका मिनटात होईल." "मोबाइलला येतंच," फरझाना म्हणाली, "मला यायला पाहिजे." माहिराने वाद घातला नाही. तिने आकड्यांवरून पाय न देता ओट्यापाशी जाऊन चहा टाकला, आणि रात्रीची ताटं बाहेरच्या खोलीत मांडली.

मधले तीन अंक दोनच प्रकारे बसत होते, दोन-पाच-आठ नाहीतर सहा-पाच-चार. बाकी कशानेही सहाचा भाग जात नव्हता. तिथून वाटा फुटत गेल्या आणि बंद होत गेल्या, थंडी वाढत गेली, फरशी पुसली जाऊन पुन्हा भरली, आणि शेवटी दहा रचना उरल्या. दहांनाही दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ या सगळ्यांनी आपापल्या घरात भाग जात होता. दहाही जणी सारख्याच शहाण्या, सारख्याच सुबक. आता राहिला सात. आणि साताला काही युक्ती नव्हती. तिनाला अंकांची बेरीज चालते, चाराला शेवटचे दोन अंक पुरतात. सात असलं काही मानत नाही. त्याला सरळ भागावंच लागतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, साताच्या पाढ्याने. जो गेला होता तोच पाढा. सात एके सात, सात दुणे चौदा, आणि पुढे धुकं. तिने बेरजा करून तो पुन्हा लिहून काढला, पण लिहिलेला पाढा डोक्यात राहीना; भागाकाराच्या मध्यावर बाकी कुठली आणि भाग कुठला हेच हरवून जायचं. दोन दिवस ती फरशीवर बसलीच नाही. सईदला फोनवर म्हणाली, "बघूया." तो शब्द ऐकून त्याला बरं वाटलं, आणि त्याला बरं वाटलेलं ऐकून तिला जाणवलं की आपण हरायला सुरुवात केली आहे.

त्या शुक्रवारी शेजारच्या मशिदीतून जुम्याची अजान झाली. ती बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती. आणि तिला तिची आई आठवली. अब्बू कुवेतला, दोन-दोन वर्षांनी येणारे, आणि आई, शाळेत न गेलेली, पोरांनी विचारलं की सांगायची, "पाच जुमे आनि तीन दिस." कोणी तारीख सांगितली की आई डोळे किंचित मिटायची, आठवडे झपझप बाजूला सारायची, जुमा, जुमा, जुमा, आणि उरलेले दिवस हातात ठेवायची. उरलेल्या दिवसांनाच खरी किंमत होती, कारण येण्याचा वार त्यांच्यावर ठरायचा. लहानपणी फरझानाही तसंच मोजायची, पाढे शिकण्याच्या कितीतरी आधी. हातातले तांदूळ ताटात तसेच राहिले. आठवडा गेला नव्हता. डॉक्टरांनी वार विचारला तेव्हा तिने तो सांगितला होता! ती उठली, आत गेली, आणि फरशीवर बसून पहिल्या रचनेला हात घातला, तिच्या पहिल्या सात अंकांना: एक-चार-सात-दोन-पाच-आठ-नऊ. चौदा दिवस: दोन जुमे, उरलं काही नाही. सात: एक जुमा. दोन: दोन दिवस. दोनावर पाच, पंचवीस: तीन जुमे, चार दिवस. असं करत शेवटी सहा दिवस उरले. म्हणजे ही नाही. तिने ती खोडली. दुसरीचे दोन दिवस उरले. नाही. एकेकीला ती आठवड्यांतून चालवत नेत होती आणि प्रत्येकीच्या शेवटी काही दिवस उरत होते, वाट बघायचे दिवस, आणि ती त्यांच्यावर काट मारत होती. कपाळावर घाम आला होता. घाई करायची नाही, ती स्वतःला बजावत होती. मग तीन-आठ-एक-सहा-पाच-चार-सात आली. ओठ आपोआप हलू लागले, तेव्हा तिने ते दाताखाली धरले. तुझं ऐकणार नाही, मी चालून बघणार. अडतीस: पाच जुमे, तीन दिवस. तिनावर एक, एकतीस: चार जुमे, तीन दिवस. तिनावर सहा, छत्तीस: पाच जुमे, एक दिवस. पंधरा: दोन जुमे, एक. चौदा: दोन जुमे. काही उरलं नाही. आणि सात. एक जुमा. काही उरलं नाही.

तरीही ती थांबली नाही. राहिलेल्याही तशाच चालवल्या, कारण 'एकच' म्हणायचं तर बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं, आणि तेही स्वतः बघून. कोणीच साताला टिकली नाही. तेव्हा कुठे ती भिंतीला टेकून बसली. छातीत काही बसलं नाही, पहिल्यासारखं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि जग सोपं होतं. आता जे वाटलं ते वेगळं होतं. कोरडं, घट्ट, हाडासारखं. त्या संध्याकाळी सईदचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "सईद, मी राजीनामा देनार नाय." "तुझी तब्येत?" "तब्येत हाय तशी हाय. मला सात आठे अजून येत नाय. पण मी शिकवनार." "मग मी काय करू सांग," तो म्हणाला. रागाने नाही, थकून. "तूच ये," ती म्हणाली. हे ती लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती, आणि बोलल्यावर तिला वाटलं, यात अवघड काय होतं? सईद म्हणाला, "बघतो." 'बघूया' नाही, 'बघतो'. फरक तिला कळला.

जानेवारीत ती पेणला गेली. मेमू लोकलमध्ये माहिरा सोबत होती. निडी, नागोठणे, कासू, बाहेर कापलेली शेतं आणि खाडीच्या बाजूला उन्हात पांढरी दिसणारी मिठागरं. शाळेत वैशाली मॅडम म्हटल्याप्रमाणे आठवीच्या मागच्या बाकावर येऊन बसल्या, चष्मा लावून, हाताची घडी घालून. फरझानाने मुलांना सरळ सांगितलं, "माझे पाढे गेलेत. आजारात गेले. त्यामुळे मी सावकाश करीन, आणि तुम्ही मला घाई करायची नाही." तिने नऊ घरं आखली. पाच कुठे, कोणीतरी सांगितलं. सम अंक कुठे, तेही. ती विचारत गेली, थांबत गेली. तीनदा अडली, एकदा तर पूर्ण मिनिटभर, हात फळ्यावर तसाच. मागे बाक करकरला. पण ती वळली नाही, बोटांवर मोजत राहिली आणि पुढे गेली. साताजवळ आल्यावर तिने आठवड्यांची रीत दाखवली, आणि वर्ग मोठ्याने तिच्याबरोबर दिवस मोजू लागला. शेवटी एकच संख्या राहिली. किमयाने ती वहीत उतरवली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"मला एक विचारायचंय," मागून वैशाली मॅडम म्हणाल्या. वर्ग वळून बघू लागला. "शून्य कुठे गेलं? एक ते नऊ घेतलेत. शून्याने काय घोडं मारलंय?"

फरझाना खडू हातात धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. याचं उत्तर पाठ नव्हतं. पाठ असणं शक्यच नव्हतं. मॅडम परीक्षा घेत होत्या का, की त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं? दोन्ही असेल. तिला भीती वाटली नाही. ती फळ्याकडे वळली. शून्य घ्यायचं म्हणजे अंक दहा, घरंही दहा. दहा अंकांना दहाने भाग जायला हवा. दहाने भाग... "दहाव्या घरात शून्यच बसणार," ती हळू म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी, "दुसरं काही चालणारच नाही. आणि ते एकदा शेवटी गेलं की आधीची नऊ घरं... आधीची नऊ घरं आहेत तशीच राहिली. एक ते नऊ. म्हणजे पुन्हा तीच." तिने नवाच्या पुढे शून्य काढलं. ते पुरतं गोल झालं नाही, एका बाजूला चेपलं गेलं. पण मिटलं.

"म्हणजे दहा अंकांचीही एकच?" मॅडमनी विचारलं.

"एकच. ही." तिने फळ्यावरची संख्या उजवीकडून गटागटाने तोडली, स्वल्पविराम घातले, आणि शब्द एकेक करून शोधत, प्रत्येकाला हाताने चाचपून बघत वाचली: "तीनशे एक्क्याऐंशी कोटी, पासष्ट लाख, सत्तेचाळीस हजार, दोनशे... नव्वद."

मॅडम उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "दहावी यंदा देशमुखांकडेच राहू दे. आठवी तुम्ही घ्या. सोमवारपासून."

"गणित?"

"मग काय, इतिहास?" मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

तास संपल्याची घंटा झाली. मुलं दप्तरं आवरायला लागली. "थांबा," फरझाना म्हणाली. "मी बरोबर सांगितलं असं धरून चालू नका. मी चुकू शकते. घरी जाऊन दोनापासून दहापर्यंत भागून बघा, आणि कुठे काही उरलं तर सोमवारी मला येऊन सांगा." मग तिने फळा पुसला नाही, तसाच ठेवून ती वर्गाबाहेर आली.